हजेरीतली रिकामी जागा

तुम्ही खोटं लिहिलंत, आणि सही करताना तुम्हाला ते ठाऊक होतं. जाड पांढरा कागद, वर जिल्ह्याचा शिक्का, खाली तुमची लफ्फेदार सही, आणि मध्ये चार ओळी. हिकरी ओढ्याकाठची टेकडी, तिच्यावर अंदाजे तीस थडगी, 'अज्ञात व बेवारस'. कचऱ्याचा डेपो वाढवायचा आहे, म्हणून ती हलवायची आहेत. कोणी वंशज म्हणवत असेल तर त्याने पुरलेल्या व्यक्तीचं नाव आणि तिच्यापर्यंतचं नातं लेखी पुराव्यानिशी मंडळापुढे मांडावं, मंगळवारी सकाळी दहा वाजता. निव्वळ तोंडी सांगणं धरलं जाणार नाही. बेवारस म्हणे! मागच्या ऑगस्टात त्याच टेकडीवर आम्ही एकशेचाळीस माणसं जेवलो. तुमच्या डेपोचा पहारेकरी कुंपणापलीकडून टकामका बघत होता, तेव्हा आमच्या रॉस्कोनं त्याला ताटलीभर तळलेली कोंबडी आणि पीचची खीर नेऊन दिली, आणि त्यानं ताटली चाटूनपुसून परत केली. बेवारसांच्या पंगतीतलं अन्न पचलं त्याला. तुम्हालाही पचलं असतं.

पत्र आलं त्या गुरुवारी मी माँटगोमेरीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात, ओट्याशी उभी राहून ते वाचलं. अडतीस वर्षं मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करतेय. लोकांच्या रक्ताच्या, ओकारीच्या, बाळंतपणाच्या चादरी या हातांनी पांढऱ्या केल्यात, त्यामुळे ब्लीचचा वास माझ्या नाकात कायमचा बसलाय, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. 'बेवारस' वाचलं आणि तोच वास आला. डाग धुऊन टाकल्यावर येतो तो. मनात म्हटलं, हे लोक आता आमच्या माणसांवर ब्लीच ओतायला निघालेत. आणि पुरावा माझ्याकडे मागतात, जसं काही लिहिण्याचं काम आमच्याकडे होतं! १८५०च्या खानेसुमारीत तुमचा माणूस घोड्यावरून आला आणि मालकाचं नाव लिहून त्याच्याखाली आम्हा गुलामांना मांडून गेला. बाई, वय तीस, काळी. पोरगा, वय आठ, काळा. मालकाच्या कुत्र्याला नाव होतं, ते त्याच्या पत्रांत सापडतं. १८७०ला, गुलामी सुटल्यावर, आमची नावं लिहायची ठरली, तर ओढ्याला पूर होता म्हणून तुमचा माणूस पलीकडे गेलाच नाही. १८८०ला माझी पणजी मिनर्व्हा सापडते, नवऱ्यासोबत, चार पोरांसोबत. तिची आई कुणाच्या तरी स्वयंपाकघरामागे झोपत असेल, ती मोजली की नाही हे देव जाणे. टेकडीवर मात्र ती आहे. सगळ्यांत वरचं थडगं, उपडा ठेवलेला निळा फुटका तांब्या, भोवती पांढऱ्या शिंपल्यांचा काठ, डोक्याशी सीडरचं झाड. आम्ही तिला जुनी आई म्हणतो. नाव कोणाला माहीत नाही. आणि तुम्हाला नावच हवंय.

मी पत्र हातात धरून उभी, आणि मागे माझी झिपोरा आत्या खुर्चीत बसून वाटाणे सोलत होती. वय एक्याण्णव. डोळ्यांत मोतीबिंदू, बोटं मात्र शेंग चाचपून अचूक उघडतात. सोलता सोलता ती नेहमीसारखी पुटपुटत होती, प्रिन्स, जूबा, धाकटा सॅम, आणि काठी जमिनीवर ठक्. चॅरिटी, ईसाव, फिल्डा, जुलै. ठक्. खालच्या मजल्यावरच्या माणसानं केरसुणीचा दांडा छताला बडवला, ठक्. आत्या पुढे, केटो. मग गप्प. मग मिनर्व्हा, ठक्. खालून पुन्हा ठक्. माझं डोकं आधीच भणभणलेलं.

"आत्या, काठी नको आपटूस गं. खालचा येईल भांडायला."

"येऊ दे. त्याला काय कळतंय कुठं आपटायची ते? उगाच मध्येच आपटतो मेला."

"दम लागला की थोडं थांब, पण आपटू नको."

तिनं वाटाण्यातून मान वर केली. डाग न निघालेल्या चादरीकडे मी बघते तशी ती माझ्याकडे बघत होती. "दम? तीन नावं घेऊन मला दम लागेल? अगं, जिना चढून येते मी. तिथं थांबायचंच असतं. नाही थांबलं की आजी पोटरीवर छडी हाणायची."

"का पण?"

"का म्हणून विचारायला मी काय तुझ्यासारखी टायपिंगवाली होते? आजीला तिच्या आईनं असं दिलं, आजीनं मला असं दिलं. तू ते घेतलंस आणि भेंडीसारखं चिरलंस."

चिरलं होतंच मी. तुमच्यावरचा राग मी सांगतेच आहे, पण त्यातला माझा वाटा आधी ऐका. आमच्यात ऑगस्टाच्या दुसऱ्या रविवारी, देवळातली प्रार्थना आटोपली की सगळे टेकडीवर जातात, आणि घरातली सगळ्यांत थोरली बाई सीडरखाली उभी राहून हजेरी घेते. जे नेले गेले, विकले गेले, वाटले गेले, त्यांची. ती नाव घेते आणि आम्ही टाच आपटून त्यांच्या वतीनं म्हणतो, हजर. लहानपणी मला अंगावर काटा यायचा, कारण एका ठिकाणी ती नावच घ्यायची नाही, नुसती उभी राहायची, आणि तरी सगळे टाच आपटून म्हणायचे, हजर. कोण हजर? मी आठवीपर्यंत शिकले. बाविसाव्या वर्षी धुलाईखान्याच्या हापिसात जेवणाच्या सुट्टीत एका बोटानं टाइप करायला शिकले, आणि मला पंख फुटले. देवळाच्या लोकांनी मला चिटणीस केलं. त्या वर्षी अंत्यविधीवाल्या दुकानदारानं पुठ्ठ्याचे हातपंखे फुकट छापून देतो म्हटलं, एका बाजूला त्याची जाहिरात, दुसऱ्या बाजूला आम्हाला हवं ते. मी म्हटलं, हजेरी छापू. जुनी माणसं जातील, नावं राहतील. आणि हजेरी कागदावर उतरवली तर मला ती सगळी उलटीपालटी दिसली. लेकरू आधी, बाप मागून, बहीण एका टोकाला, भाऊ दुसऱ्या. मला वाटलं, म्हाताऱ्यांच्या डोक्यात घोळ झालाय. मी चादरी एकीकडे, अभ्रे एकीकडे लावणारी बाई. मी नावंही लावली, इंग्रजी ए-बी-सीच्या क्रमानं, सीवरचा केटो सगळ्यांत वर, एकाखाली एक, देखणी. थांबण्याच्या जागा कशा छापणार? टाइपरायटरला काठीची कळ नसते. आणि ती रिकामी जागा मी काढून टाकली. मला वाटलं, कुणाचं तरी नाव विसरलेत आणि लाजेनं सांगत नाहीत. अकरा नावं, सुरेख. तेव्हापासून हजेरी पंख्यावरून वाचली जाते. आत्या एका शब्दानं बोलली नाही. फक्त तिनं पंखा उलटा धरायला सुरुवात केली, दुकानाची जाहिरात वर आणि माझी नावं छातीशी. छत्तीस वर्षं. मला वाटायचं तिला दिसत नाही म्हणून.

ओट्यावरच्या पत्राचा कोपरा ओला होत होता. मी आत्याच्या पायाशी फरशीवर बसले. "आत्या, केटोनंतर कुणाचं नाव आहे?"

"नाव नाही. तिथं कोणीतरी उभं असतं, एवढंच आजी म्हणायची."

"आणि जुन्या आईचं नाव? आजीनं कधीच सांगितलं नाही?"

"आजी तिला आई म्हणायची, आम्ही जुनी आई. मोठ्या माणसाचं नाव घेतलं की तोंडात बसायची आमच्या. आता टीव्हीत पोरं बापाला नावानं हाका मारतात, ते वेगळं." मग शेंगेची साल माझ्या मांडीवर टाकत म्हणाली, "मला तरी कुठं माहीत होतं, कुणी सरकारी माणूस एक दिवस विचारेल म्हणून? विचारून घेतलं असतं, छडी खाल्ली असती."

रात्रभर डोळा लागला नाही. त्या ठक् ठक् मोजत पडले. तीननंतर एक. सातनंतर एक. मग एक नाव, मग मोकळं, मग एक नाव आणि ठक्. मग शेवटची दोन, यॉर्क आणि ईस्टर. हे कुठंतरी पाहिलंय. ऐकलेलं नाही, पाहिलेलं. कपड्यांच्या गाठोड्यांसारखं, एका गाठोड्यात तीन, एकात चार. आणि पहाटे मी एकदम अंथरुणात उठून बसले, कारण मला आठवलं कुठं. सहा वर्षांपूर्वी, तुमच्याच कोर्टाच्या तळघरात, तो कागद मी या हातात धरला होता आणि परत ठेवला होता.

शुक्रवारी रजा टाकली. रॉस्को माझा चुलतभाऊ, लाकडं वाहण्याचा ट्रक चालवतो, त्याला म्हटलं कोर्टात सोड. त्यानं उकडलेल्या शेंगांची पिशवी आमच्या दोघांमध्ये ठेवली आणि सालं खिडकीबाहेर फेकत निघाला.

"ताई, तुझ्या त्या अकरा माणसांपायी माझे दोन टायर गेले. एवढं फिरून मला जिवंत बायको मिळाली असती."

"मिळाली होती की. पळाली."

"पळाली कारण प्रत्येक सुट्टीला मी तुला घेऊन थडगी हुडकत होतो! देवाशप्पथ, आज ते अकराजण सापडले ना, तर मीच त्यांना कामाला लावणार."

"अकरा नाहीत," मी म्हटलं. "बारा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पुढचे वीस मैल शेंग खाल्ली नाही.

तळघरात जुनं दप्तर सांभाळणारी, सहा वर्षांपूर्वीचीच प्रूइट बाई, चष्म्याला साखळी, स्वेटर खांद्यावर. बाई वाईट नाही. "पुन्हा तुम्ही? लेथमचा खोका तुम्ही पाहिलाय की."

"पाहिला होता. आता वाचायचाय."

दमट वास, उंदरांच्या लेंड्या, डोक्यावर पाइपातून तुमच्या मजल्यावरचं पाणी घळघळ वाहतंय. खोका उघडला. १८५३, जानेवारी. मालक लेथम मेला, ज्याचं आडनाव आम्हाला अजून चिकटलंय तो, चार वारस. तुमच्या भाषेत वारस ते. पानावर आधी तांब्याची कढई, मग भिंतीवरचं घड्याळ, मग दोन तांबडी खेचरं, आणि मग खंड न पाडता, त्याच शाईत, त्याच अक्षरात आम्ही. सहा वर्षांपूर्वी मी पंखा शेजारी ठेवून हे पान ताडून पाहिलं होतं. पंख्यावर पहिलं नाव केटो, पानावर प्रिन्स. पंख्यावर अकरा, पानावर बारा. आणि प्रिन्स, केटो, चॅरिटी ही नावं तर प्रत्येक मळ्यावर पोत्यानं. मी म्हटलं होतं, आपली नव्हेत, दुसऱ्या कुणाची असतील. दुसऱ्या कुणाची! उजवीकडे रकाना होता, प्रत्येकापुढे आकडा. तो मी डाव्या पंजानं झाकला. तो मी तेव्हाही वाचला नाही, आताही वाचणार नाही, तुम्ही वाचलात तर तुमच्यापाशी ठेवा. उजव्या हाताचं बोट पहिल्या नावावर ठेवलं आणि आत्याचा आवाज डोक्यात सुरू केला. प्रिन्स, जूबा, धाकटा सॅम. आणि खाली शाईची आडवी रेघ, वाटणीची पहिली चिठ्ठी, थोरल्या मुलाकडे. ठक्. चॅरिटी, ईसाव, फिल्डा, जुलै. रेघ. दुसरी चिठ्ठी, जावयाकडे. ठक्. केटो. आणि माझं बोट पुढे सरकलं तर तिथं मोकळं नव्हतं. तिथं नाव होतं. पाच-सहा अक्षरं, वय तीस, आणि तिच्याखाली, मिनर्व्हा, तिची मुलगी, वय चार. माझी पणजी. रेघ.

काय झालं मला ते सांगता येत नाही. माझी टाच आपसूक आपटली, फरशीवर, जोरात. प्रूइट बाईनं वर पाहिलं. मी म्हटलं, हजर. मग मला ती दिसली, तुमच्याच या इमारतीच्या पायऱ्यांवर, जानेवारीच्या थंडीत, बाराजणांच्या रांगेत, कडेवर चार वर्षांची पोर. वर कुणीतरी टोपीतून चिठ्ठ्या काढतंय आणि नावं वाचतंय, आणि तिला लिहिता येत नाही, लिहिलं तर पाठ सोलतील, म्हणून ती ऐकतेय. कोण कुणाबरोबर गेलं. कुठं थांबले. पुढं कधी शोधायला निघालोच तर कुणाला कुठल्या दारात विचारायचं. तिनं तो कागद कानानं उतरवून घेतला आणि पोरीच्या पोटरीवर छडी मारून तिच्यात उतरवला, आणि स्वतःचं नाव तेवढं घेतलं नाही, कारण शोधणारा स्वतःला कुठं शोधतो? म्हाताऱ्यांच्या डोक्यात घोळ नव्हताच. ती वाटणी होती, जशीच्या तशी. आणि मी शहाणी, टायपिंगवाली, तुमच्या कारकुनांना जमलं नाही ते करून बसले. त्यांनी आम्हाला चार दारांत फाडलं तरी रेघा ठेवल्या होत्या. मी रेघाही पुसल्या. आत्या एक्याण्णव वर्षांची आहे. तो खालचा माणूस केरसुणी बडवत होता आणि मी तिला म्हणत होते, आपटू नकोस.

प्रूइट बाईनं शिक्क्यानिशी नक्कल काढून दिली. देताना म्हणाली, "हवं ते मिळालं का?" मी म्हटलं, "तुमच्याकडे होतंच ते." ट्रकमध्ये बसून मी रॉस्कोला ते नाव सांगितलं. त्यानं इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवर अंगठा फिरवत त्यानं विचारलं,

"आत्याला आज सांगायचं?"

"नाही."

"अगं, म्हातारी आनंदानं..."

"नाही म्हणते ना. सांगितलं तर ते म्हणतील, पढवून आणली. आणि दुसरं म्हणजे, हे ज्यांनी ठेवून घेतलंय त्यांनी द्यायचं. आपण चोरून नाही न्यायचं घरी."

चार दिवस मी ते नाव दाताखाली धरून राहिले. रविवारी देवळात सगळ्यांना एवढंच सांगितलं, मंगळवारी पंखे नकोत, आत्या नुसती थांबेल तिथंही पूर्वीसारखं हजर म्हणायचं. आत्याला आंघोळ घालताना, तिच्या पाठीवर साबण लावताना ते जिभेच्या टोकाशी यायचं. सोमवारी तिनं विचारलंही, "काय गिळत असतेस सारखी?"

आणि आता मंगळवार, दहा वाजून गेलेत, आणि तुम्ही सातजण तुमच्या लांब टेबलामागे, समोर बर्फाचा गोड चहा, मागे झेंडा. आम्ही साठजण. बाकी व्हरांड्यात उभे, कारण खुर्च्या संपल्या, असं तुमच्या शिपायानं सांगितलं. तुम्ही मध्यभागी. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "लेथमबाई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. पण ही आडनावाशिवायची नावं तर तेव्हा सगळीकडेच होती. हीच ती माणसं कशावरून?" अगदी हेच मी सहा वर्षांपूर्वी स्वतःला म्हटलं होतं, म्हणून मला त्याचं उत्तर पाठ होतं. मी म्हटलं, "कागद तुम्ही हातात घ्या. मी बघणार नाही. पहिल्या नावावर बोट ठेवा. माझ्या आत्याला मोतीबिंदू आहे, तिनं हा कागद जन्मात पाहिलेला नाही. ती बोलेल तसं बोट खाली न्या. ती कुठं थांबते आणि तुमची रेघ कुठं येते, तेवढं बघा." तुम्ही शेजाऱ्याकडे बघून हसलात. पण बोट ठेवलंत.

आत्या उठली. रॉस्को आधार द्यायला गेला, तिनं कोपरानं ढकलला. "हजेरी बसून घेत नाहीत, गाढवा."

प्रिन्स. साठ टाचा, हजर. जूबा. हजर. धाकटा सॅम. हजर. ठक्. मी कागदाकडे पाहत नव्हते, तुमच्या तोंडाकडे पाहत होते. पहिल्या काठीला तुम्ही काहीच केलं नाहीत. चॅरिटी, ईसाव, फिल्डा, जुलै, व्हरांड्यातूनही टाचा यायला लागल्या, तुमच्या पेल्यातला बर्फ हलला, आणि ठक्. दुसऱ्या काठीला तुम्ही चष्मा वर सारलात आणि कागद जवळ घेतलात. केटो. हजर. मग आत्या गप्प झाली. काठी दोन्ही हातांत धरून नुसती उभी राहिली, मोतिया डोळे तुमच्या डोक्यावरून मागे कुठंतरी, आणि मग आम्ही सगळ्यांनी एकदम टाच आपटली. हजर.

तुम्ही म्हणालात, "इथं यांनी एक नाव गाळलं."

गाळलं नाही. शिकवून आणली असती तर हे एवढं एक नाव आम्ही शिकवलं नसतं का? तुम्हाला पुरलेल्या बाईचं नाव हवं होतं, लेखी. ते तुमच्या तळघरात, कढईखाली, घड्याळाखाली, एकशेचौतीस वर्षं होतं, आणि वर बसून तुम्ही तिला अज्ञात लिहीत होतात. या म्हातारीनं तिच्यासाठी रोज जागा धरून ठेवली, नाव न कळता. मी ते चार दिवस गिळून बसलेय. मी सांगणार नाही. रॉस्को सांगणार नाही. ती तुमच्यासमोर उभी आहे, काठीवर भार टाकून, आणि जुन्या आईला काय म्हणायचे हे तिला एकदा ऐकायचंय. तुमचं बोट अजून तिथंच आहे. काढू नका. शेजाऱ्याकडे बघू नका. बोटाखाली कुणाचं नाव आहे?

मोठ्यानं वाचा. तिला कमी ऐकू येतं.